मासेमारीच्या गाइडला टिप किती, कधी आणि कशी द्यावी

गळाने मासे धरण्यासाठी एखाद्या दिवसाकरिता गाइड ठरवला की बोटीचे भाडे, परवाना, प्रवास, मुक्काम असा सगळा खर्च आधी कागदावर मांडला जातो. राहून जाते ती टिप. मग संध्याकाळी बोट काठाला लागते, गाइड ओल्या हातांनी काठ्या गोळा करू लागतो आणि पाहुणे एकमेकांकडे पाहत खिसे चाचपतात. किती द्यायचे, सगळ्यांनी मिळून द्यायचे की प्रत्येकाने वेगळे, मासा लागलाच नाही तर द्यायचे की नाही, खलाशाला निराळे द्यायचे का, या प्रश्नांची उत्तरे त्या पाच मिनिटांत शोधू गेल्यास हमखास चूक होते आणि ती चूक बहुधा गाइडच्या वाट्याला येते. म्हणून या लेखाची सुरुवात सहलीच्या बऱ्याच आधीपासून केली आहे. येथील आकडे मुख्यतः अमेरिकेतील आणि कॅनडातील प्रथेचे आहेत, कारण भाड्याच्या टक्केवारीने गाइडला टिप देण्याची पद्धत तेथे सर्वाधिक रुजलेली आहे. इतर काही देशांची रीत शेवटच्या भागात दिली आहे.

पहिली पायरी : भाडे कोणाच्या हाती जाते, ते समजून घ्या

आपण मोजलेले भाडे गाइडच्या खिशात जाते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बुकिंग घेणारा एक आणि बोट चालवणारा दुसरा, असे फार वेळा असते. मोंटानासारख्या अमेरिकी राज्यात तर गाइडला परवानाधारक आउटफिटरच्या, म्हणजे सहली आयोजित करणाऱ्या व्यावसायिकाच्या, छत्राखालीच काम करावे लागते. तेथे मासेमारीच्या दुकानातून किंवा आउटफिटरकडून सहल ठरवली, तर भाड्यातला एक हिस्सा त्यांच्याकडे राहतो आणि गाइडला दिवसाची ठरलेली मजुरी मिळते. त्या मजुरीतूनही पुष्कळदा त्याची पदरमोड होते. गाडीचे आणि बोटीचे इंधन, दोर, गऱ्या, आमिष म्हणून गळाला लावायच्या कृत्रिम माश्या, बर्फ, काही ठिकाणी पाहुण्यांचे दुपारचे जेवणसुद्धा त्याच्याच खर्चात धरलेले असते. नदीच्या प्रवाहाबरोबर बोट खाली नेण्याच्या सहलीत बोट सकाळी एका घाटावर पाण्यात उतरते आणि संध्याकाळी कित्येक मैल खालच्या घाटावर बाहेर येते. मधल्या वेळात गाडी आणि ट्रेलर त्या खालच्या घाटावर नेऊन ठेवणाऱ्या माणसालाही पैसे द्यावे लागतात. पाहुण्याला हा माणूस कधी दिसतही नाही.

याशिवाय हा धंदा हंगामी आहे. थंड प्रदेशातील नद्यांवर आणि अलास्काच्या किनाऱ्यावर कमाईचे दिवस मुख्यतः उन्हाळ्यातले असतात आणि त्यातलेही काही गढूळ पाण्यात, वादळात किंवा वाऱ्यात वाया जातात. हे सांगण्यामागे दया उत्पन्न करण्याचा हेतू नाही. टिप ही या व्यवसायात वरची मेहेरबानी मानली जात नाही, ती उत्पन्नाचा गृहीत धरलेला भाग असते. हे एकदा लक्षात आले की पुढचे हिशेब आपोआप जुळतात.

दुसरी पायरी : बुकिंग करतानाच विचारा

टिपेबद्दल विचारणे असभ्य वाटेल, या संकोचाने लोक गप्प राहतात. वास्तविक चालकांना हा प्रश्न रोजचाच असतो आणि ते सरळ उत्तर देतात. इसार भरण्यापूर्वी ईमेलमध्ये तीन गोष्टी विचाराव्यात. भाड्यात टिप धरलेली आहे का? आमच्याबरोबर येणारा गाइड स्वतः मालक आहे की कामावर असलेला? आणि बोटीवर खलाशी असेल तर त्याची टिप वेगळी असते की कप्तानाच्या हाती दिलेली रक्कम दोघांत वाटली जाते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. काही बोटींच्या आणि लॉजच्या बिलात सेवाशुल्क असे एक कलम असते. ते नेहमीच गाइडला मिळते असे नाही; कधी ते सगळ्या नोकरवर्गात वाटले जाते, तर कधी व्यवस्थापनाच्या खर्चात जमा होते. तेव्हा हे शुल्क गाइडला मिळते का, असा नेमका प्रश्न करावा. उत्तर गोलमोल आले, तर गाइडची टिप वेगळी काढून ठेवावी, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी : रक्कम ठरवा

अमेरिकेत सर्वसाधारण रीत सहलीच्या भाड्याच्या १५ ते २० टक्क्यांची आहे. चांगल्या दिवसासाठी २० टक्के हा आकडा डोळे मिटून धरावा. गाइडने त्याहून अधिक केले असेल तर सढळ हाताने अधिक द्यावे. दहा टक्के दिले तर काहीतरी बिनसले, असा अर्थ गाइड बहुधा काढतो.

हिशेब करताना दोन ठिकाणी गफलत होते. टिप बोटीच्या एकूण भाड्यावर मोजायची असते, माणशी नव्हे. समजा दोघांसाठी नदीवरील पूर्ण दिवसाच्या सहलीचे भाडे ६०० डॉलर आहे. १५ टक्क्यांनी ९० आणि २० टक्क्यांनी १२० डॉलर होतात, म्हणजे प्रत्येकी ४५ ते ६०. समुद्रात पाच मित्रांनी मिळून १,५०० डॉलरची बोट घेतली, तर २० टक्क्यांचे ३०० डॉलर होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ६० येतात. दुसरी गफलत सवलतीची. सवलतीच्या दरात किंवा भेट मिळालेल्या कूपनावर सहल केली असेल, तर टिप मूळ भाड्यावर मोजावी, कारण गाइडचे श्रम सवलतीने कमी झालेले नसतात. कोणी ही सहल भेट म्हणून दिली असेल, तर टिपही त्यानेच दिली आहे का, हे त्यालाच विचारून घ्यावे. दिलेली नसेल तर ती जबाबदारी आपली. उलट कर आणि मासेमारीच्या परवान्याचे शुल्क यांवर टिप मोजण्याचे कारण नाही.

अर्ध्या दिवसाच्या सहलीत टक्केवारीबाबत हात आखडता घेऊ नये. चार तासांसाठीही बोट तितक्याच पहाटे जोडावी लागते, धुवावी तितकीच लागते आणि त्या दिवशी दुसरे गिऱ्हाईक मिळेलच असे नसते.

खुल्या समुद्रात जाणाऱ्या मोठ्या बोटींवर, जेथे प्रत्येक जण स्वतःचे तिकीट काढतो आणि वीस-तीस किंवा त्याहूनही अधिक माणसे एका कठड्याला उभी राहून गळ सोडतात, तेथे हिशेब माणशी होतो. तिकीट ९० डॉलरचे असेल तर १५ ते १८ डॉलर खलाशांसाठी द्यावेत. तुमची गुंतलेली दोरी सोडवणारा, आमिष लावून देणारा, मासा वर आला की जाळे किंवा आकडा घेऊन धावणारा एखादा ठरावीक खलाशी असेल, तर रक्कम त्याच्या हातात द्यावी. बहुतेक बोटींवर खलाशी दिवसाअखेर ती आपसांत वाटून घेतात.

सहा जणांपर्यंतच्या खासगी बोटीची गोष्ट जरा वेगळी आहे. अमेरिकेत पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या कप्तानाला तटरक्षक दलाचा परवाना लागतो आणि त्यातला सर्वांत प्रचलित परवाना सहा प्रवाशांपर्यंतचा असतो. म्हणूनच अशा बहुतेक बोटी सहा जणांनाच घेतात. कप्तान पुष्कळदा बोटीचा मालक असतो आणि भाडे त्याच्याकडे जाते. खलाशाची कमाई मात्र फार मोठ्या प्रमाणात टिपेवर चालते. अशा वेळी १५ ते २० टक्क्यांची रक्कम प्रथम खलाशासाठी समजावी. ती दोघांत वाटली जाते असे बुकिंगच्या वेळी कळले असेल, तर २० टक्क्यांच्या खाली जाऊ नये.

मालकाला टिप द्यावी का, हा वाद जुना आहे. स्वतःच दर ठरवणाऱ्याला वर पैसे कशाला, असे म्हणणारे लोक आहेत. परंतु एकटा गाइड स्वतःच्या बोटीवर दिवसभर आपल्यासाठी राबतो, तेव्हा त्याच्यात आणि पगारी गाइडमध्ये कामाचा फरक काहीच नसतो. बोटीचा हप्ता, विमा आणि दुरुस्ती त्याच्या अंगावर वेगळीच असते. अमेरिकेत मालक-गाइडही आज सर्रास टिप स्वीकारतात आणि मी त्यांना पगारी गाइडइतकीच देणे योग्य समजतो.

चौथी पायरी : मासे मोजू नका, काम पाहा

या संपूर्ण विषयात सर्वांत जास्त अन्याय येथे होतो. मोठा मासा लागला की पाहुणे पाकीट मोकळे करतात आणि रिकाम्या हाताने परतले की तोंड फिरवतात. पण पाण्याचे तापमान, आदल्या दिवशी धरणातून सोडलेले पाणी, भरती-ओहोटीची वेळ, वारा, ढग यांतले काहीही गाइडच्या हाती नसते. शिवाय ज्या दिवशी मासे खात नाहीत, त्या दिवशी त्याचे श्रम दुप्पट होतात. तो पुन्हा पुन्हा जागा बदलतो, दोर बारीक करतो, आमिष बदलतो, प्रवाहाविरुद्ध वल्ही मारून त्याच खळग्यावरून तुम्हाला तिसऱ्यांदा नेतो. मासे आपण होऊन गळाला लागणाऱ्या दिवशी त्याला यातले निम्मेही करावे लागत नाही.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील किंवा बहामातील उथळ खाडीत बोनफिश नावाचा मासा शोधणाऱ्या गाइडकडे एकदा नीट पाहावे. तो बोटीच्या मागच्या उंच फळीवर उभा असतो आणि सुमारे सहा मीटर लांबीचा दांडा तळाला टेकवून, इंजिनाचा आवाज न करता बोट ढकलत राहतो. डोक्यावर ऊन, समोरून वारा आणि नजर मात्र सतत पाण्यात. तुम्हाला करडी वाळू आणि गवत यांखेरीज काही दिसत नसताना तो हलक्या आवाजात सांगतो, ‘अकरा वाजता, चाळीस फूट, डावीकडे चाललेत.’ बोटीचे नाक म्हणजे घड्याळातले बारा, एवढेच तुम्हाला माहीत असते. तुम्ही गडबडून फेकता, दोर पायात अडकतो, मासे उधळतात. तो दांडा पुन्हा तळाला लावतो आणि म्हणतो, ‘पुढचे दिसतील.’ हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालते. टिप त्या नजरेची आणि त्या धीराची आहे. चूक फेकणाऱ्याची होती, हे लक्षात ठेवून ती द्यावी.

रक्कम वाढवावी अशी कारणे पुष्कळ असतात. नवशिक्याला फेक शिकवण्यात तास घालवला, मुलांना कंटाळा येऊ दिला नाही, वृद्ध पाहुण्याला बोटीत चढताना-उतरताना आपणहून आधार दिला, मासे लागू लागले म्हणून ठरलेल्या वेळेपेक्षा तास-दीड तास अधिक थांबला, घरी नेण्याचे मासे साफ करून बर्फात बांधून दिले, यांपैकी काही घडले असेल तर २० टक्क्यांवरून २५ पर्यंत जाण्यास संकोच नको. वीज चमकू लागली आणि गाइडने सहल आवरती घेऊन किनारा गाठला, तर टिप पूर्णच द्यावी. जीव जपणे हाच त्याच्या कामातला पहिला भाग आहे आणि पैसे कापले जातील या धास्तीने कोणत्याही गाइडने वादळात थांबता कामा नये. निघण्यापूर्वीच हवामानामुळे सहल रद्द झाली, तर टिपेचा प्रश्न येत नाही.

कमी द्यावे अशी कारणेही आहेत, पण ती वर्तनाची असावीत. कारण न सांगता उशिरा येणे, दिवसभर फोनवर असणे, पाहुण्यांशी उर्मट बोलणे, लाइफ जॅकेट न देणे, पाहुण्याला न विचारता स्वतःच गळ टाकून बसणे, ही ती कारणे. शेवटच्या मुद्द्यात थोडी सावधगिरी हवी. कधी मासे कोणत्या खोलीवर आहेत हे पाहण्यासाठी गाइड दोन-चार फेकी टाकतो, त्याला दोष देऊ नये. गंभीर तक्रार असेल तर टिप कापून मूक राहण्यापेक्षा, काय खटकले ते गाइडला किंवा आउटफिटरला शांतपणे सांगावे. नुसती रक्कम कमी दिली तर तुम्ही नाराज होता की तुमच्याकडे पैसे नव्हते, हे त्याला कळत नाही आणि पुढच्या पाहुण्याला तोच अनुभव येतो.

पाचवी पायरी : पैसे आदल्या रात्री तयार ठेवा

बोटी लावण्याच्या घाटावर एटीएम नसते आणि नदीच्या दरीत फोनला रेंजही नसते. मी स्वतः एकदा कार्डाच्या भरवशावर गेलो होतो. संध्याकाळी गाइडला सोबत घेऊन गावापर्यंत जावे लागले, तेथील यंत्रात रोख नव्हती आणि पहाटे चारपासून जागा असलेला तो माणूस माझ्यासाठी आणखी पाऊण तास ताटकळला. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. आदल्या रात्री ठरलेली रक्कम सुट्या नोटांत मोजून एका लिफाफ्यात घालतो, तो पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवतो, आणि आणखी दोन-तीन लहान नोटा बाहेरच्या खिशात वेगळ्या ठेवतो, म्हणजे दिवस अपेक्षेपेक्षा चांगला गेला तर लिफाफ्यात भर घालता येते.

चौघे-पाच जण एकत्र जात असतील, तर वर्गणी बोटीत बसण्यापूर्वी एकाकडे जमा करावी. हा मुद्दा लहान वाटतो, पण संध्याकाळी दमलेल्या माणसांपैकी एक जण गाडीकडे निघून गेलेला असतो, दुसऱ्याकडे मोड नसते, तिसरा ‘मी नंतर देतो’ म्हणतो आणि २० टक्क्यांची रक्कम १२ वर येते.

रोख शक्य नसेल तर गाइडला सकाळीच विचारावे की फोनवरून पैसे घेतो का. अमेरिकेत अनेक गाइड व्हेन्मो किंवा झेल वापरतात, परंतु परदेशातून आलेल्या पाहुण्याकडे अमेरिकी खाते नसल्यास ही साधने चालत नाहीत. आउटफिटरच्या दुकानात कार्डाने टिप जोडायची असल्यास ती पूर्ण गाइडपर्यंत पोहोचते का आणि केव्हा, हे विचारून घ्यावे. चलनाच्या बाबतीत नावावर जाऊ नये. बहामाचा डॉलर अमेरिकी डॉलरशी एकास एक बांधलेला आहे आणि दोन्ही नोटा तेथे चालतात. बेलीझमध्ये मात्र दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर होतो. सुचवलेला आकडा कोणत्या डॉलरमध्ये आहे, हे न विचारल्यास टिप नकळत निम्मी होऊ शकते. परक्या चलनाच्या फाटक्या, ओल्या किंवा रंग लागलेल्या नोटा देऊ नयेत. बँका त्या नाकारतात आणि त्याचा भुर्दंड घेणाऱ्याला पडतो.

सहावी पायरी : योग्य क्षणी, हातात द्या

बोट ट्रेलरवर चढवली जात असताना, मागे दुसऱ्या बोटींची रांग लागलेली असताना गाइडच्या हातात पैसे कोंबू नयेत. त्याचे लक्ष दोरखंडावर आणि घसरत्या उतारावर असते. बोट बाहेर आली, पट्टे आवळले गेले, काठ्या नळकांड्यांत गेल्या आणि मासे साफ करून झाले, की मग त्याला बाजूला गाठावे, हस्तांदोलन करावे आणि लिफाफा हातात द्यावा. आसनावर किंवा बर्फाच्या पेटीवर ठेवून निघून जाऊ नये. सोबत दिवसातली एखादी नेमकी गोष्ट सांगावी, जसे ‘दुपारी झाडाखालच्या खळग्यात तुम्ही दोर बदलून दिलात, तेव्हापासून मला समजू लागले.’ सगळ्यांसमोर रक्कम मोजून दाखवणे टाळावे.

धक्क्यावर मासे साफ करणारा माणूस वेगळा असू शकतो आणि त्याचा दर वजनावर किंवा नगावर ठरलेला असतो. तो खर्च टिपेतून वळता करू नये. तसेच तुमच्या हातून गाइडची काठी मोडली किंवा रीळ पाण्यात पडले, तर त्याची भरपाई स्वतंत्रपणे देऊ करावी. पकडलेला मासा, दारूची बाटली, टोपी किंवा उरलेल्या गऱ्या ही छान भेट होऊ शकते, पण ती टिपेच्या जोडीला, तिच्या ऐवजी नव्हे.

अनेक दिवसांचा मुक्काम असेल तेव्हा

लॉजवर आठवडाभर राहायचे असेल, तर एकूण रकमेत खोली, जेवण, विमानाची फेरी असे बरेच काही असते आणि त्यावर २० टक्के काढणे अवाजवी ठरते. बहुतेक लॉज स्वतःच सुचवलेला आकडा कळवतात. तो कधी एकूण रकमेच्या १० ते १५ टक्क्यांच्या घरात असतो, तर कधी दर बोटीमागे रोजची ठरावीक रक्कम असते. येथे दोन गोष्टी विचाराव्यात : गाइडची टिप आणि स्वयंपाकघरातील व खोल्यांची देखभाल करणाऱ्यांची टिप एकाच पेटीत जाते का, आणि गाइड रोज बदलतो का. गाइड बदलत असेल तर त्या त्या दिवशी संध्याकाळी द्यावे, कारण शेवटच्या दिवशी सोमवारचा गाइड रजेवर गेलेला असतो.

इतर देशांत

स्कॉटलंडच्या साल्मन नद्यांवर, म्हणजे टे, स्पे यांसारख्या ठिकाणी, सोबतीला असणाऱ्या माणसाला गिली म्हणतात. तेथे साल्मनसाठी रविवारी मासेमारी करण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे नदीचा पट्टा पुष्कळदा सोमवार ते शनिवार असा आठवड्याने घेतला जातो आणि गिलीची टिप शनिवारी संध्याकाळी निरोप घेताना देण्याची रीत आहे. ती टक्केवारीने मोजली जात नाही. पट्टा ठरवताना व्यवस्थापकाला विचारले तर तो प्रचलित रक्कम सांगतो. न्यूझीलंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात टिप सक्तीची समजली जात नाही. गाइडचा दर पूर्ण धरलेला असतो, तरी खूश होऊन दिलेली रक्कम बहुधा आनंदाने घेतली जाते. जपानमध्ये टिपेची प्रथा नाही आणि हातात नोटा ठेवल्यास घेणारा अवघडून जातो. तेथे आपल्या गावाकडून नेलेली एखादी नीट बांधलेली भेट दोन्ही हातांनी द्यावी.

पैसे खरोखरच कमी असतील तर

बजेट करताना भाड्यात २० टक्के मिळवूनच सहलीची खरी किंमत धरावी. ती परवडत नसेल तर पूर्ण दिवसाऐवजी अर्धा दिवस घ्यावा, किंवा आणखी एक सोबती जोडावा. आधी भाड्यासाठी घासाघीस करून नंतर टिपेतही कपात करणे हे त्या माणसाच्या श्रमांवर दोनदा हात मारण्यासारखे आहे. तरीही हिशेब चुकला आणि हातात कमीच रक्कम उरली, तर ती द्यावी, कमी असल्याचे मोकळेपणाने सांगावे, आणि घरी परतल्यावर त्याच आठवड्यात दोन कामे करावीत. पहिले, आउटफिटरला पत्र लिहून गाइडचे नाव घेऊन त्याच्या कामाबद्दल लिहावे, कारण पुढच्या हंगामात कोणाला किती दिवस मिळणार, हे ठरवताना अशी पत्रे पाहिली जातात. दुसरे, पुढच्या वेळी बुकिंग करताना त्याच गाइडचे नाव सांगून मागणी करावी आणि राहिलेली रक्कम त्या खेपेच्या लिफाफ्यात घालावी.